नळी का घातली, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालकुपोषणाच्या, नवजात शिशू कक्षांच्या आणि दिव्यांग मुलांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नेहमी येतात. या तिन्ही ठिकाणी दिसणाऱ्या एका साध्या वस्तूविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. ती म्हणजे मुलाच्या नाकातून, तोंडातून किंवा पोटावर केलेल्या छिद्रातून थेट जठरात जाणारी दूध-अन्नाची नळी. मी नाशिकमध्ये बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त झाले आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे अशा ओळखीच्या आया नळी निघाली, तुंबली, नाकाला जखम झाली म्हणून अजूनही मला बोलावतात. तिथे गेल्यावर नळी कशासाठी घातली आहे, हे मी आधी विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून." डिस्चार्ज कार्ड मागून पाहावे, तर त्यावरही 'आर.टी. फीड' (म्हणजे नळीने दूध-अन्न देणे) 'चालू ठेवणे' अशा अर्थाची, तीही इंग्रजीतली, एक ओळ असते. घरी जाणाऱ्या मुलाच्या पालकांना ही एक ओळ का पुरत नाही, हे थोडे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नळी सगळ्यांची दिसायला सारखीच असते, पण ती घालण्यामागची कारणे इतकी निराळी असतात की एका मुलाच्या बाबतीत जे आवर्जून करायचे, ते दुसऱ्याच्या बाबतीत अजिबात करायचे नसते. नळी किती दिवस राहणार, नाकातलीच पुरेल की पोटावरची करून घ्यावी, तोंडाने चव द्यायची की पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, दर दोन तासांनी थोडे थोडे द्यायचे की रात्रभर सावकाश सोडायचे, हे सर्व कारणावरून ठरते. कारण माहीत नसलेली आई शेजारणीच्या किंवा वॉर्डातल्या दुसऱ्या आईच्या अनुभवावर चालते, आणि त्या दुसऱ्या मुलाचा आजारच वेगळा असतो.

वॉर्डात मी सर्वांत जास्त नळ्या पाहिल्या त्या कमी दिवसांच्या बाळांना. दूध ओढणे, घोट गिळणे आणि मध्येच श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भाच्या साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमारास जमतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला दूध पचू शकते, पण ते सुरक्षितपणे पोटापर्यंत नेणे त्याला जमत नाही. म्हणून 32 आठवड्यांच्या आतल्या बाळाला आईचे काढलेले दूध नळीने, त्यानंतर 34 आठवड्यांपर्यंत वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि पुढे अंगावर, अशा पायऱ्या आपल्याकडे पाळल्या जातात. इतकी लहान बाळे नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे त्यांची नळी पुष्कळदा तोंडातून घालतात. येथे नळी निघणार हे बहुतेक वेळा ठरलेलेच असते, आणि आईला सांगायचे असते ते एवढेच की दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा, म्हणजे बाळ ओढायला लागेल तेव्हा अंगावर दूध असेल. नेमके हेच न सांगितल्यामुळे नळी निघेपर्यंत दूध आटलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या काही बाळांचे कारण अगदी वेगळे असते. त्यांना गिळता येते, भूकही असते, पण ताकद पुरत नाही. चार घोट ओढले की कपाळावर घाम येतो, धाप लागते आणि बाळ झोपी जाते. घरच्यांना वाटते पोट भरले म्हणून झोपले. निरोगी तान्ह्या बाळाला रोज दर किलो वजनामागे साधारण 100 उष्मांक पुरतात, तिथे अशा बाळाला 120 ते 150 लागू शकतात. म्हणजे ज्याला जास्त हवे त्याच्याच पोटात कमी जाते, वजन वाढत नाही आणि शस्त्रक्रिया लांबत जाते. अशा वेळी दिवसा जमेल तेवढे तोंडाने आणि उरलेले नळीने, ही व्यवस्था शस्त्रक्रियेपर्यंत आणि त्यानंतर थोडे दिवस असते. या बाळाचे तोंडाने पाजणे पूर्ण बंद केले, तर पुढे त्याला चोखायला शिकवण्याचे दुसरेच काम वाढून बसते. कार्डावर कारण लिहिले असेल तर निदान एवढे तरी कळते.

नाशिक जिल्ह्यात हा विषय कुपोषणाशी जोडूनच येतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या भागांतून दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेली मुले पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होतात. अतितीव्र कुपोषित मूल आजारी पडले की त्याची भूकच मरते. वरून पाहणाऱ्याला ते हट्टी वाटते, पण त्याच्यात खाण्याचे त्राण नसते. सुरुवातीच्या दिवसांत त्याला एफ-75 या नावाचे, 100 मिलिलिटरमध्ये 75 उष्मांक असलेले दूध दर दोन तासांनी, अगदी मोजून द्यायचे असते. एकदम भरपूर अन्न पोटात गेले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण ढासळते आणि अशक्त हृदयाला ते झेपत नाही. हे दूध दर वेळी आधी वाटी-चमच्यानेच देऊन पाहायचे असते. सलग दोन-तीन वेळा ठरलेल्या मापाच्या 80 टक्क्यांपर्यंतही मूल पोहोचत नसेल, फार सुस्त असेल, सारखे उलटून टाकत असेल किंवा तोंड आतून सोललेले असेल, तर उरलेले नळीने द्यायचे असा नियम आहे. भूक परतली की नळी काढायची, आणि सहसा ती काही दिवसांतच परतते.

ही गोष्ट दोन मिनिटांत सांगता येते, पण ती न सांगितल्याचा परिणाम मोठा असतो. पेठ तालुक्यातील एका पाड्यावरून आलेला एक बाप मुलाच्या नाकात नळी पाहताच त्याला खांद्यावर टाकून निघाला होता. त्याच्या वडिलांना शेवटच्या आजारात अशीच नळी घातलेली त्याने पाहिली होती, त्यामुळे मुलाचे आता काही खरे नाही आणि न्यायचेच तर जिवंत न्यावे, असा सरळ हिशेब त्याने केला. आमच्याकडच्या एका मावशींना त्या भागातल्या कोकणा आदिवासींची कोकणी बोली येत होती. त्यांनी त्याला जिन्यातच बसवून घेतले आणि भूक आली की ही नळी निघते, ही मरणाची नळी नाही, हे त्याच्या भाषेत समजावले. तो थांबला. त्याला नळी घालण्यापूर्वीच कोणी चार शब्द सांगितले असते, तर जिन्यापर्यंत प्रकरण गेलेच नसते. शिवाय याच भागातील कुटुंबे द्राक्षांच्या कामासाठी निफाड-दिंडोरीकडे येतात. मुलाला एका गावच्या अंगणवाडीताई ओळखत असतात आणि मूल असते दुसऱ्याच गावच्या मळ्यात. तिथल्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या हाती त्या मुलाच्या आजाराचा जो कागद पडतो, तो म्हणजे घडी घालून पिशवीत ठेवलेले डिस्चार्ज कार्ड. त्यावर कारण नसेल तर बिचाऱ्या डॉक्टरांनी तरी काय ठरवावे?

सर्वांत अवघड, आणि ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, ती मुले सेरेब्रल पाल्सीची. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ, अकाली जन्म, मेंदूज्वर अशा कारणांनी मेंदूला इजा झाली की हातापायांसारखेच जिभेचे, गालांचे आणि घशाचे स्नायूही नीट चालत नाहीत. घास जिभेवरून मागे सरकत नाही, ओठ मिटत नाहीत, गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते आणि तोवर पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरलेला असतो. निरोगी माणसाला ठसका लागतो, पण यांपैकी काही मुलांना तोही लागत नाही. अन्न गुपचूप फुप्फुसात जाते आणि घरच्यांना फक्त एवढेच दिसते की मुलाला वरचेवर न्यूमोनिया होतो.

नवीन नाशिकमधल्या एका घरी मी हे अगदी जवळून पाहिले. मुलगी सात वर्षांची होती आणि अंगाने तीन वर्षांची वाटावी अशी होती. आजी पाय लांब करून बसायची, तान्ह्या बाळाला घेतात तशी नातीला पायांवर आडवी घ्यायची, गालात बोट घालून तोंड उघडायची आणि बोंडल्याने पेज सोडायची. अर्धी पेज हनुवटीवरून गळ्याखालच्या फडक्यात जाई. प्रत्येक दोन-तीन घोटांनंतर मुलीच्या घशातून घरघर ऐकू येई, डोळ्यांना पाणी येई आणि मान मागे ताठ होई. एक वाटी संपायला तासापेक्षा जास्त वेळ लागे, आणि ती संपेपर्यंत पुढच्या वाटीची वेळ होई. आजीच्या मायेत कुठेही उणेपणा नव्हता. मुलीला आडवी धरली की पेज घशात आपोआप उतरते, एवढेच त्यांना दिसत होते. ती तशी उतरते म्हणूनच धोका आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत दवाखान्यात कोणी सांगितले नव्हते. नळीचा विषय दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा 'तोंडाने खातेय तोवर नको' म्हणून घरच्यांनी मोडून काढला होता.

'तोंडाने खातेय' याचा अर्थ काय धरायचा, याचे काही ठोकताळे आहेत आणि ते पालकांपर्यंत पोहोचले पाहिजेत. युरोपातील बालपोटविकार व पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, दिव्यांग मुलाला भरवण्यात दिवसाचे एकूण चार ते सहा तासांहून अधिक जात असतील, दोन वर्षांखालील मुलाचे वजन महिनाभर पुरेसे वाढत नसेल, किंवा त्याहून मोठ्या मुलाचे वजन तीन महिने वाढत नसेल अथवा घटत असेल, तर नळीचा विचार करावा. मूल गरजेच्या 60 ते 80 टक्केही अन्न दहा दिवसांहून अधिक काळ घेऊ शकत नसेल, तरीही तो करावा. खाताना आवाज ओला, घरघरता होणे, रंग बदलणे, वारंवार न्यूमोनिया होणे ही धोक्याची चिन्हे तर उघड आहेत. यांतले काहीही ओळखायला यंत्र लागत नाही. वजनकाटा, घड्याळ आणि कान एवढ्यावर भागते. पुढची खात्री करायची असेल तर मुलाला बेरियम मिसळलेले अन्न देऊन, ते गिळताना क्ष-किरणांखाली पाहण्याची तपासणी आहे.

नाकातली नळी या मुलांना कायमची पुरत नाही. चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ नळी लागणार असे दिसले की पोटावरच्या नळीचा, म्हणजे गॅस्ट्रोस्टॉमीचा विचार करावा असे साधारणपणे सांगितले जाते. आपल्याकडे मात्र नाकातली नळी महिनोन्‌महिने बदलत राहतात. त्यात नाकपुडीला जखमा होतात, नळी मुलाच्या हाताने निघते, चिकटपट्टीने गालाची कातडी सोलते, आणि प्रत्येक वेळी नवी घालताना मूल ज्या आकांताने रडते तो पाहून आईच एक दिवस नको म्हणते. पोटाला भोक पाडणार, या कल्पनेने लोक दचकतात हे मला मान्य आहे. पण दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता ही नळी बसवण्याची जी पद्धत आज जगभर वृद्धांसाठी वापरली जाते, ती मुळात लहान मुलांसाठीच शोधली गेली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे बालशल्यचिकित्सक मायकेल गॉडरर आणि दुर्बीणतज्ज्ञ जेफ्री पॉन्स्की यांनी 1979 साली ती प्रथम केली, तेव्हा त्यांचा पहिला रुग्ण अवघ्या काही महिन्यांचे बाळ होते. कपड्याखाली ही नळी दिसतही नाही. चेहरा मोकळा राहतो आणि बसमध्ये, लग्नकार्यात चारचौघे वळून पाहत नाहीत, हा फायदा वैद्यकीय पुस्तकांत ठळक अक्षरांत नसला तरी आयांच्या बोलण्यात तो सर्वांत आधी येतो.

त्याच वेळी नळीबद्दल भलत्या आशा दाखवणेही बरोबर नाही. नळीने घास फुप्फुसात जाणे थांबते, पण मुलाची लाळ आणि जठरातून उलटून वर येणारे अन्न थांबतेच असे नाही. ज्या मुलांना हा उलटण्याचा त्रास फार आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे उपाय सुचवतात, कधी त्यासाठीही शस्त्रक्रिया लागते. नळीने मूल चालायला लागणार नाही. त्याचे वजन वाढेल, औषधे वेळेवर आणि पूर्ण पोटात जातील, फिट्सच्या गोळ्या थुंकल्या जाणार नाहीत, आणि घरातील बाईचे भरवण्यात जाणारे तास तिला आणि मुलाला परत मिळतील. वर सांगितलेल्या मुलीच्या पोटावर पुढे नळी बसली. आजी आता तिला ताठ बसवून, वाचा-उपचारतज्ज्ञांनी ठरवून दिल्याप्रमाणे, ओठांना रोज थोडे गोड वरण लावतात. ती जीभ बाहेर काढून ते चाटते. ही परवानगी प्रत्येक मुलाला असतेच असे नाही, म्हणून तीही कार्डावर लिहिलेली असावी.

बाकीची कारणे थोडक्यात सांगते. अन्ननलिका जन्मतः अपुरी असलेली बाळे, कर्करोगाच्या औषधांनी तोंड आणि घसा सोललेली मुले, मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात अन्नावरची वासना उडालेली मुले, अपघातात डोक्याला मार लागून किंवा क्षयाच्या मेंदूज्वराने बेशुद्ध असलेली मुले, मण्यार चावून घशाचे स्नायू लुळे पडलेली आणि व्हेंटिलेटरवर असलेली मुले, आणि ज्यांच्या यकृतात साखर साठते पण गरजेला सुटत नाही म्हणून रात्रभर नळीने अन्न द्यावे लागते अशी चयापचयाच्या दुर्मीळ विकारांची मुले. यांत आणखी एक कारण असे आहे की ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून त्यावर दोन वाक्ये जास्त लिहिते. संडास धुण्याचे ॲसिड किंवा कॉस्टिकचे पाणी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून मोरीत ठेवण्याची पद्धत आपल्या घराघरांत आहे. मूल एक घोट घेते, अन्ननलिका आतून भाजते आणि काही आठवड्यांत ती आक्रसत जाते. मग महिनोन्‌महिने ती पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते, आणि तोपर्यंत त्या मुलाला पोटावरच्या नळीने जगवायचे असते. अशा मुलाला उलटी करवू नये, कारण भाजणारा पदार्थ त्याच वाटेने पुन्हा वर येतो. त्याला थेट रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी.

आता थोडे कटू. कारण लिहिण्याचा आग्रह मी धरते, त्यामागे नळी नाकारणारे पालक आहेत तसेच ती नको तिथे घालणारे वॉर्डही आहेत. एका परिचारिकेकडे नियमाने जितकी मुले असावीत त्याच्या कितीतरी पट असतात तेव्हा ज्या मुलाला चमच्याने भरवायला पाऊण तास लागतो, त्याला नळी घातली की काम पाच मिनिटांत होते. असे होताना मी पाहिले आहे, आणि हे लिहिताना माझ्या व्यवसायभगिनींना दोष देण्याचा हेतू नाही. पदे रिकामी ठेवणाऱ्यांना तो जातो. पण नळी मुलाच्या गरजेसाठी आहे की वॉर्डाच्या सोयीसाठी, हे कागदावर उतरवावे लागले तर हात थोडा थबकेल. दुभंगलेल्या टाळूच्या बाळांचेही तसेच आहे. बाकी काही दोष नसेल तर त्यातील बहुतेक बाळे ताठ धरून, वाटी-चमच्याने किंवा खास बाटलीने सावकाश पिऊ शकतात, फक्त आईला ते हाताला धरून शिकवावे लागते. आणि वजन व्यवस्थित असलेले, खेळणारे-बागडणारे मूल पोळी-भाजी खात नाही म्हणून काळजी करणाऱ्या पालकांनी नळीचा विषय डोक्यातून काढून टाकावा. खाण्याचा चोखंदळपणा हे नळीचे कारण नव्हे.

घरी नळी सांभाळण्याच्या सूचनाही कारणाशेजारीच लिहिल्या पाहिजेत, कारण त्यांच्या अभावी जिवावर बेतू शकते. नाकातली नळी किती सेंटिमीटरच्या खुणेवर नाकपुडीशी चिकटवली आहे, तो आकडा कार्डावर असावा आणि प्रत्येक फीडआधी आईने तो ताडून पाहावा. खूण बाहेर सरकलेली दिसली, किंवा मूल खोकून, ओकून गेले असेल, तर नळीची जागा तपासल्याशिवाय काहीही सोडू नये. सिरिंजने हवा मारून स्टेथोस्कोपने पोटातला आवाज ऐकण्याची जुनी सवय आमच्यापैकी अनेकांच्या हातात बसलेली आहे. हा आवाज नळी फुप्फुसात असतानाही ऐकू येऊ शकतो, म्हणून ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने 2005 सालीच त्या पद्धतीवर विसंबू नये असे बजावले होते. नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता कागदी पट्टीवर तपासणे, म्हणजे पीएच 5.5 किंवा त्याहून कमी आहे का ते पाहणे, आणि शंका असेल तर एक्स-रे काढणे, ही खात्रीची रीत आहे. पट्ट्या महाग नाहीत, पण त्या किती वॉर्डांत हाताशी असतात हे पाहणाऱ्याने पाहावे. फीड सिरिंजचा दट्ट्या काढून, सिरिंज उंच धरून, आपसूक उतरू द्यावे. दट्ट्याने जोरात ढकलू नये. फीड देताना आणि नंतर अर्धा तास मुलाचे डोके व छाती उंच असावी. प्रत्येक फीड आणि औषधानंतर नळीत स्वच्छ पाणी सोडावे, नाहीतर नाचणीची पेज आणि गोळ्यांची भुकटी नळीत घट्ट बसते. पोटावरची नळी अचानक निघाली तर छिद्र काही तासांत बुजू लागते, म्हणून उद्या बघू असे न म्हणता लगेच रुग्णालय गाठावे. नवीन छिद्रात घरच्या घरी नळी परत घालण्याचा प्रयत्न करू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे की नळीसह घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डिस्चार्ज कार्डाला मराठीत एक पान जोडावे. नळी कोणत्या कारणाने घातली, ती तात्पुरती की दीर्घकाळची, कोणती गोष्ट घडली की ती काढता येईल, तोंडाने काय चालेल, पुढची तपासणी कधी आणि नळी निघाल्यास कुठे यायचे, एवढे त्यावर असावे. खाली सही करणाऱ्याने ते आईला किंवा जो भरवणार त्याला वाचून दाखवावे, आणि आईला प्रमाण मराठी समजत नसेल तर तिची बोली जाणणाऱ्या कोणाला तरी जवळ बसवावे. एक प्रत गावच्या आशाताईंकडे जावी, म्हणजे मूल मळ्यात गेले तरी फोनवर कोणाला तरी ते वाचून सांगता येईल. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. तिचा आणि दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा उल्लेखही त्याच पानावर असला तर पालकांचे हेलपाटे वाचतील, कारण नळ्या, सिरिंजा आणि उपचारांवरचा खर्च महिन्यागणिक चालूच राहतो.

हे काम कोणाचे, असा प्रश्न विचारला जाईल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे आणि राज्यातील वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. अशा पानाचा एकच नमुना विद्यापीठाने तयार करून दिला, तर नाशिकपुरतेच नव्हे, राज्यभर ते वापरता येईल आणि विद्यार्थ्यांच्या हातालाही लिहिण्याची सवय लागेल. तोवर जिल्हा रुग्णालय आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आपल्या अखत्यारीत ते सुरू करावे, त्यासाठी वेगळ्या निधीची किंवा शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. खासगी बालरुग्णालयांनाही त्यात अडचण नसावी. मसुदा करण्यासाठी, तो कोकणी बोलणाऱ्या आयांना वाचून दाखवून कुठे समजत नाही हे तपासण्यासाठी हात लागत असतील, तर माझ्यासह काही निवृत्त परिचारिका ते काम विनामूल्य करायला तयार आहेत. संबंधितांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
नाशिक